गुडघ्याखालची उशी

गुडघा बदलायचा ठरला की सगळं गाव तुम्हाला चालण्याबद्दल सांगायला येतं. कुणाची आत्या चौथ्या दिवशी जिना चढली, कुणाचे सासरे महिन्याभरात शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले. झोपेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मला तरी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहून ठेवते आहे.

झोपेच्या बाबतीत मला थोडा अधिकारही आहे, कारण आमचा धंदाच झोपेचा. शेवगावात आमचं गाद्यांचं दुकान आहे. रस्त्याच्या बाजूला दुकान आणि त्याच्या मागे दोन पायऱ्या चढून घर. माझे मालक रशीदभाई कापूस पिंजतात आणि खोळीत भरतात, मी टाके घालते. अर्ध्या तालुक्याचे संसार आमच्याच गाद्यांवर सुरू झाले असं मी म्हणते, तेव्हा हे लाजून मशीन चालू करतात. बोलण्याच्या बाबतीत हे एकदम काटकसरी. दिवसाला पाच वाक्यं, त्यातली दोन गिऱ्हाइकाशी.

निदान

गादीला टाके घालायचे तर गादीवरच बसावं लागतं. एक पाय दुमडून, दुसऱ्याचा गुडघा दाबून, पुढे पुढे सरकत. पस्तीस वर्षं मी अशी सरकत आले. शेवटच्या दोन वर्षांत उजवा गुडघा इतका दुखायचा की उठताना मी रांजण धरायचे आणि रांजणच हलायचा.

नगरच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “ताई, इथली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय.” त्यांना आमचा धंदा माहीत नव्हता, ते आपले सहज बोलले. मी हसले. हे हसले नाहीत. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लोकांच्या देखत, आणि लगेच काढून घेतला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. हे घाबरलेत म्हणजे काहीतरी मोठं असणार.

हॉस्पिटलमधली खाट

ऑपरेशन कसं झालं ते मी सांगू शकत नाही, मी तिथे नव्हते. जाग आली तेव्हा कमरेखालचं शरीर कुणा दुसऱ्याचं होतं. संध्याकाळी ते परत माझं झालं आणि मग काय ते विचारू नका.

खाट अशी लावलेली की माझे पाय पश्चिमेला, काब्याकडे. आमच्यात त्या दिशेला पाय करून झोपत नाहीत. मी काही बोलले नव्हते. हे आले, दारातच थांबले, खाटेकडे बघितलं, आणि सिस्टरांना जाऊन काहीतरी म्हणाले. पाच मिनिटांत दोन माणसांना घेऊन यांनी खाट फिरवून घेतली. मग चादर ताणली, गादी चाचपली आणि रेक्झिनचं कव्हर बघून तोंड वाकडं केलं. त्या दिवसाची पाच वाक्यं तिथेच खर्च झाली.

शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडच्या कौसाबाई होत्या. जन्मभर ऊस तोडलेला, आता खुबा बदललेला. मी रात्रभर तळमळायची आणि त्या घोरायच्या. सकाळी मी विचारलं, तुम्हाला झोप कशी येते हो?

“म्या पाचटावर निजले माय तीस वर्सं,” त्या म्हणाल्या. “थंडीत, लेकरू पोटाशी घिऊन. हितं तर वर पंखा हाय. तुमाला गाद्यांनी बिघडवलंय.”

त्यांचं बरोबरच होतं. मी आयुष्यभर कुशीवर झोपलेली, पाय पोटाशी घेऊन. आता उताणं पडायचं, पाय सरळ, आढ्याकडे बघत. कौसाबाईंच्या भाषेत “मड्यावानी”. पण चौथ्या दिवशी मी निघताना त्यांनीच माझा हात धरला आणि सोडेचनात. त्यांना न्यायला अजून कोणी आलेलं नव्हतं.

निघायच्या आधी सिस्टरांनी सगळं समजावून सांगितलं. गोळ्या, बर्फ, पायऱ्या. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: “गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. कितीही बरं वाटलं तरी नाही. गुडघा वाकलेलाच आखडतो, मग पाय सरळ होत नाही. घ्यायचीच तर टाचेखाली घ्या.” हे तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. मुलगा इरफान गाडी बघत होता. ऐकलं ते मी एकटीने.

कॉटवर

इरफान पुण्यात नोकरीला आहे. सुट्टी काढून तो आठ दिवस राहिला. त्याने कॉट आणली, संडासात खुर्ची बसवली, गोळ्यांचा तक्ता भिंतीला चिकटवला आणि गेला. जाताना म्हणाला, “अम्मी, पाय नीट झाला तर इथं राहा, नाहीतर माझ्याकडं. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे.” तो मायेनेच बोलला. पण मला ती लिफ्ट डोळ्यांसमोर दिसायला लागली. पाय सरळ झाला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. बाकी मी अल्लाकडे काही मागितलं नाही.

आम्ही दोघं लग्न झाल्यापासून खाली एकाच रुंद गादीवर झोपत आलो. कधी भांडून पाठ फिरवली असेल, पण गादी एकच. आता मी वर कॉटवर आणि हे खाली. पहिल्याच रात्री हे पाणी प्यायला उठले आणि अंधारात कॉटला धडकले. माझ्या पायातून अशी कळ गेली की मी किंचाळले. दिवा लावला तर हे भिंतीला चिकटून उभे.

दुसऱ्या दिवशी यांनी अंथरूण उचललं आणि दुकानात नेलं. “लागंल तुला,” एवढंच म्हणाले.

माझ्या उशाशी पितळी घंटी ठेवली. काही हवं असलं की वाजवायची. लोक म्हणतील बाई राणीसारखी होती. खरं सांगते, ती घंटी वाजवायची मला लाज वाटायची. पाण्याला वाजवली, लघवीला वाजवली, पण नुसतं “या, बसा” म्हणून घंटी कशी वाजवायची? पस्तीस वर्षं ज्याचा घोरण्याचा आवाज ऐकत झोपले तो माणूस दहा पावलांवर होता आणि मला परगावी गेल्यासारखा वाटत होता. दोन पायऱ्या उतरायला मला बंदी. कापसाच्या धुळीत जायला बंदी. दुकान माझंच, पण मला ते दिसत नव्हतं.

ज्यांना हे ऑपरेशन करायचंय त्यांनी ऐका. दुखण्याला गोळी आहे. एकटेपणाला तक्त्यात रकाना नाही. भेटायला येणारे पहिल्या आठवड्यात येतात, सफरचंदं ठेवतात आणि नंतर त्यांना वाटतं तुम्ही बऱ्या झालात.

उशी

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हे आत आले. हात पाठीमागे. मला वाटलं बर्फाची पिशवी असेल. यांनी पुढे धरली ती एक उशी.

वीतभर रुंद, दीड वीत लांब. मी हातात घेतली आणि कळलं की कापूस देशी आहे, दोनदा पिंजलेला. आता असा कापूस कोणी मागत नाही. खोळ माझ्या जुन्या मऊ साडीची. मधोमध यांनी टाके घेऊन खळगी केली होती, गुडघा बसेल एवढी. आणि टाके वाकडे होते. आमच्या घरात यांनी कधी सुई धरलेली नाही, ते काम माझं. दुकानात बसून, चष्मा पुसत, बोटं टोचून घेत यांनी ते टाके घातले असणार.

“रातीला कन्हतीस,” हे म्हणाले. “ऐकू येतं.”

मग यांनी माझा पाय दोन्ही हातांनी उचलला, काचेचं भांडं उचलावं तसा, आणि उशी गुडघ्याखाली सरकवली. ऑपरेशन झाल्यापासून यांनी मला पहिल्यांदा असा हात लावला होता. गुडघ्याला जो आराम पडला तो काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं.

“बरं वाटतंय?”

मला सिस्टरांचे शब्द आठवले. लख्ख आठवले. दोनदा सांगितलेले. मी म्हणाले, “लई बरं वाटतंय.”

आता तुम्ही म्हणाल, बाई शहाणी की खुळी? मी स्वतःची समजूत अशी काढली की सिस्टर म्हणाल्या ती उशी म्हणजे हॉस्पिटलातली, दगडासारखी. गादीवाल्याच्या उशीने गादीवाल्याच्या बायकोचं काय वाईट होणार? चार दिवस घेऊ, मग काढू. खरं कारण दुसरंच होतं. त्या दिवशी दुपारी हे अर्धा तास माझ्याजवळ बसले होते. उशी नाकारली असती तर हे उठून गेले असते.

त्या रात्री मी सहा तास झोपले. सकाळी इरफानला फोन करून सांगितलं, तुझ्या अब्बांनी कमाल केली. हे दारात उभं राहून ऐकत होते. असा आनंदी चेहरा मी यांचा इरफान झाला तेव्हा पाहिला होता.

मॅडम

व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. चाळिशीच्या, गावातच दवाखाना, बोलायला गोड पण पाय धरला की दया नाही. त्या यायच्या त्या दिवशी मी उशी गोधडीत लपवायची. चोरासारखी.

“ताई, टाच दाबा. गुडघा गादीला टेकवा.” त्या माझ्या गुडघ्याखाली हात घालायच्या. पहिल्यांदा दोन बोटं गेली. पुढच्या आठवड्यात हात गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात अख्खी मूठ.

“उलटं कसं होतंय? रात्री गुडघ्याखाली काही घेता का?”

“न्हाई.”

“नक्की?”

“न्हाई म्हणलं ना.”

खोटं बोलण्याची सवय नसली की आवाज चढतो. माझा चढला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

चार दिवसांचे अडीच आठवडे झाले होते. मी रोज ठरवायची, आज काढीन. आणि रोज रात्री हे येऊन ती उशी स्वतःच्या हाताने लावायचे, थोपटायचे आणि दुकानात जायचे. दिवसभरातली तेवढीच भेट. ती कशी काढणार? दुपारी वॉकर घेऊन उभी राहिले की टाच जमिनीला टेकत नव्हती. मी चवड्यावर लंगडत होते. मला सगळं दिसत होतं. लिफ्टही दिसत होती.

पुढच्या वेळी मॅडम आल्या तेव्हा हे चहा घेऊन आत आले. कधी येत नाहीत, त्या दिवशी आले. मॅडम माझा पाय दाबत होत्या आणि मी ओरडत होते. यांना ते बघवेना.

“मॅडम, तिला उशी द्या की,” हे म्हणाले. “आपली उशी हाय ना. मी केलीय, खास. अगं, दाखव की मॅडमला.”

यांना एवढं अभिमानाने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी गोधडी धरून ठेवली. यांनीच हात घालून उशी काढली आणि मॅडमच्या पुढे केली. “देशी कापूस हाय. तिला झोप लागती याच्यावर.”

मॅडमनी उशी घेतली, माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. “काका, किती दिवस झाले?”

“झाले की पंधरा-वीस दिवस.”

“याच उशीनं पाय वाकलाय काका.” त्यांनी आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. “आता लवकर सरळ नाही केला तर असाच राहील. जन्मभर लंगडतील. ताई, मी तुम्हाला विचारलं होतं. आणि हॉस्पिटलमध्ये सांगितलं नव्हतं का कुणी?”

मी एक शब्द खोटा बोलले असते तर निभावलं असतं. पण हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“सांगितलं होतं,” मी म्हणाले. “दोनदा.”

हे एक पाऊल पुढे आले. “तुला म्हाईत होतं?”

“व्हय.”

“मंग मला का न्हाई सांगितलं?”

   यांनी मॅडमच्या हातातून उशी घेतली, काखेत धरली आणि पायऱ्या उतरून गेले. थोड्या वेळाने दुकानातलं मशीन सुरू झालं आणि दिवसभर बंद झालं नाही.

टाच टांगून

यापुढचे दिवस मी कुणाला देणार नाही, वैऱ्यालाही नाही.

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आणि गुडघा अधांतरी. स्वतःच्याच वजनाने तो खाली यायचा. पंधरा मिनिटं, दिवसातून सहा वेळा. मांडीमागची शीर तुटेल असं वाटायचं. मी तोंडात पदर कोंबून रडायची. रात्री पाय सरळ ठेवून झोपायचं, म्हणजे झोपायचं नाहीच.

काही गोष्टींनी थोडं बरं वाटलं, त्या सांगते. झोपण्याआधी अर्धा तास बर्फ. गोळी जेवणानंतर लगेच नाही, आडवं होण्याच्या बेताने, डॉक्टरांना विचारून. दुपारी कितीही डोळे मिटले तरी अर्ध्या तासाच्या वर झोपायचं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की चांगल्या बाजूच्या कुशीवर वळायचं आणि दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी घ्यायची. ज्या दिवशी मी पहिल्यांदा कुशीवर वळले त्या दिवशी मला ईद वाटली. आणि झोप नाही आली तर घड्याळ बघू नका. ते उलटं करून ठेवा.

हे वेळेवर गोळ्या द्यायचे, बर्फ द्यायचे, भाकरी आणून ठेवायचे. माझ्याकडे न बघता. पाच वाक्यांची दोन झाली. “घे.” आणि “झालं का?” मी एकदा म्हणाले, “बसा ना जरा.” हे म्हणाले, “गिऱ्हाईक हाय.” गिऱ्हाईक नव्हतं, मशीन बंद होतं.

मला वाटायचं, माझं रडणं ऐकायला नको म्हणून हे दुकानात दार लावून निवांत झोपतात. राग यायचा. कधी कधी इतका एकटेपणा वाटायचा की मी हॉस्पिटलातल्या कौसाबाईंशी मनातल्या मनात बोलायची. त्या तरी घोरायच्या. इथे शेजारी कोणी घोरतही नव्हतं.

मॅडम मात्र आठवड्यातून दोनदाच्या ऐवजी चारदा यायला लागल्या. गुडघ्याखाली मुठीएवढी जागा होती ती हाताएवढी राहिली. हाताएवढी होती ती दोन बोटांएवढी राहिली. एका सोमवारी त्यांनी गुडघ्याखाली बोट घालायचा प्रयत्न केला आणि ते आत गेलंच नाही. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, “ताई, माझी साडी भिजली,” आणि त्यासुद्धा डोळे पुसत होत्या. मग वॉकर गेला, काठी आली. मग पायऱ्यांचा सराव. चांगला पाय आधी वर, नवा पाय आधी खाली.

यांना मी सांगितलं, “पाय सरळ झाला.” हे मान हलवून म्हणाले, “बरं झालं,” आणि भाकरीचं ताट ठेवून गेले. माझ्या पायाकडे बघायचंही यांना धाडस होत नव्हतं.

दोन पायऱ्या

एका दुपारी मॅडम म्हणाल्या, आता घरात एकट्या फिरा. त्या गेल्या. घरात शांतता होती, दुकानातही. मी काठी घेतली. दारापर्यंत गेले. नवा पाय खाली, मग दुसरा. पुन्हा एकदा. दोन महिन्यांनी मी माझ्या दुकानात उभी होते.

लग्नसराई होती. सहा नव्या गाद्या एकावर एक रचून ठेवलेल्या, छातीला लागतील एवढ्या. बाजूला कापसाची गाठोडी. आणि या दोन्हींच्या मध्ये हे फरशीवर झोपले होते. खाली रिकामं बारदान, उशाला हात. अंगाखाली गादी नाही, डोक्याखाली उशी नाही. बारदान एका बाजूने झिजून मळलेलं होतं. एका दिवसाचं ते काम नव्हतं.

मला वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच हाक मारली. “अहो.”

हे दचकून उठले. “कोनी आनलं तुला?”

“कोनी न्हाई. चालत आले.”

यांनी मग पाहिलं. आधी टाच, मग गुडघा, मग माझ्याकडे.

“तुमची गादी कुठंय?”

“हाय की तिथं. गुंडाळून ठिवलीय.”

“कधीपासून?”

हे बारदानाचा एक दोरा ओढत राहिले. मी थांबले. आता मला उभं राहता येत होतं.

“तू तिथं टाच टांगून रडायची,” हे म्हणाले. “समदं ऐकू यायचं मला. मंग मी गादीवर कसा निजू?”

आणि मी समजत होते की हे दार लावून सुखाने झोपतात. दहा पावलांवर दोघं जागे होतो, कितीतरी रात्री, आणि दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही. माझ्याकडे तर घंटी होती.

मला यांच्याजवळ खाली बसायचं होतं. पूर्वीसारखं, पाय दुमडून. डॉक्टरांनी सांगितलंय, या गुडघ्याने ते आता कधीच जमणार नाही. म्हणून मी काठी घट्ट धरली.

“उठा,” मी म्हणाले. “गादी घाला. उशी घ्या. माझ्यादेखत घ्या.”

यांनी गादी घातली. उशी घेतली. माझ्याकडे एकदा पाहिलं, आडवे झाले आणि डोळे मिटले. घोरण्याचा आवाज सुरू होईपर्यंत मी तिथे उभी होते.